काळ्या दारूची दाणेदारी

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासावयाच्या बंदुकांसाठी काळ्या दारूची निवड दाण्याच्या आकारावरून करतात. सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक हे प्रमाण बहुधा ठरलेले असल्याने जळण्याचा वेग बराचसा दाण्यावरच अवलंबून राहतो. आरंभीची दारू पिठासारखी असे व ती लवकर ओल धरी. पंधराव्या शतकात यूरोपात ओलसर मिश्रणाचे दाणे पाडून ते चाळण्याची रीत आली. ज्वाला दाण्यांमधील पोकळ्यांतून पसरते आणि प्रत्येक दाणा पृष्ठभागाकडून आत जळतो. त्यामुळे बारीक दाणा झटकन जळून नळीतील दाब वेगाने वाढवतो, तर जाड दाणा तुलनेने सावकाश जळतो.

अमेरिकी पद्धतीत ‘एफ’ हे अक्षर जितक्या वेळा येते तितका दाणा बारीक समजला जातो. एक एफची दारू मोठ्या व्यासाच्या मस्केटांना, दोन एफची साधारणपणे अर्धा इंच वा त्याहून अधिक व्यासाच्या रायफलींना, आणि तीन एफची लहान रायफलींना व पिस्तुलांना वापरतात. चार एफची अतिबारीक दारू चकमकीच्या बंदुकीत रंजक म्हणून, म्हणजे नळीच्या कानाजवळच्या (बाजूच्या बारीक छिद्राजवळच्या) पेल्यात चिमूटभर घालून ठिणगी धरण्यापुरती योजतात. या सीमा काटेकोर नाहीत. विशिष्ट हत्याराबाबत निर्मात्याची सूचनाच प्रमाण मानावी. धूरविरहित दारू मात्र कोणत्याही दाण्याची असली, तरी या बंदुकांत चालत नाही, कारण तिच्या दाबाने नळी फुटू शकते.