बर्गंडीचे पक्षांतर
इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धात (१३३७–१४५३) फ्रेंच राजघराण्याचीच शाखा असलेल्या बर्गंडीच्या ड्यूकांनी इंग्रजांचा पक्ष घेतला व पुढे सोडला, ती घटना. १० सप्टेंबर १४१९ रोजी माँतेरो येथील पुलावर, युवराज चार्ल्सच्या समक्ष, मसलतीसाठी आलेल्या ड्यूक जॉनचा वध झाला. त्यानेच १४०७ मध्ये युवराजाचा चुलता ऑर्लेआंचा लुई याचा खून करविला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या सूडाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. जॉनचा पुत्र फिलिप इंग्रजांस मिळाला आणि त्र्वाच्या तहाने (१४२०) इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री फ्रेंच सिंहासनाचा वारस ठरला. तथापि पितृवधाचा संताप हेच एकमेव कारण मानणे भाबडेपणाचे होईल : फिलिपच्या अमलाखालील फ्लँडर्सचे विणकर इंग्रजी लोकरीवर जगत, आणि दुर्बल फ्रान्स त्याच्या राज्यविस्तारास सोयीचाच होता. १४३० मध्ये काँप्येन्य येथे जोन ऑफ आर्क त्याच्याच पक्षाच्या हाती सापडली व द्रव्याच्या मोबदल्यात इंग्रजांच्या हवाली केली गेली. पुढे त्याच युवराजाने, म्हणजे आता राजा झालेल्या सातव्या चार्ल्सने, जॉनच्या वधाबद्दल क्षमायाचना केली, सोम नदीकाठची शहरे दिली व खुद्द फिलिपपुरती मांडलिकत्वाच्या शपथेची माफी मान्य केली, तेव्हा आरासच्या तहाने (१४३५) तो फ्रान्सकडे परतला. दुसऱ्याच वर्षी पॅरिस इंग्रजांच्या हातून गेले.