पानशेतच्या पुरानंतर पुणं नदीपासून लांब नेलं, मग ते परत काठावर कसं आलं?

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि १८७९ पासून उभं असलेलं तेही धरण त्याच दिवशी फुटलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, डेक्कन, शिवाजीनगर अशा भागांत मुठेचं पाणी शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. मातीचे वाडे भिजून बसले.

एवढी गोष्ट पुण्यात जवळपास प्रत्येकाला माहिती असते. जुन्या पेठांमधली आजी-आजोबा मंडळी आजही भिंतीवर हात ठेवून 'पाणी इथवर होतं' असं दाखवतात. पण पाणी ओसरल्यावर हजारो कुटुंबं गेली कुठं, त्यांना जागा कुणी दिली आणि ती जागा नेमकी तिथंच का दिली, याबद्दल फारसं बोललं जात नाही. आजच्या पुण्याचा नकाशा समजून घ्यायचा असेल तर तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

धरण फुटलं कसं?

थोडक्यात सांगायचं तर, पानशेत हे मुठा खोऱ्यातल्या आंबी नदीवरचं मातीचं धरण. १९६१ च्या पावसाळ्यात त्याचं काम पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी साठलं. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचं बांधकाम कच्चं होतं, तिथं लोखंडी सळ्यांचं काँक्रीट वापरलेलं नव्हतं. भराव खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण शक्य तितका वेळ तगवलं. त्यामुळे ते मध्यरात्री फुटलं नाही, दिवसाउजेडी फुटलं, आणि कित्येकांना घराबाहेर पडायला वेळ मिळाला. मृतांच्या आकड्यावर मात्र वाद कायम राहिला. चौकशीसाठी आयोग नेमला गेला, त्यावरही बरंच राजकारण झालं.

आधी पाणी, मग छप्पर, मग जमीन

पुराच्या दुसऱ्या दिवशी शहरासमोरची अडचण ऐकायला विचित्र वाटेल अशी होती. सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातून यायचं आणि खडकवासला तर फुटलेलं. मग पेठांमधल्या जुन्या विहिरी आणि आडांकडे लोक पुन्हा वळले.

तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पुनर्वसनाच्या कामासाठी सरकारने ज्या अधिकाऱ्याला आणलं ते स. गो. बर्वे, आयसीएस. पुणे महापालिकेच्या सुरुवातीच्या काळात ते आयुक्त होते, त्यामुळे गल्लीबोळ त्यांना ठाऊक होते. बर्वे यांच्या कामाचा शहरावर इतका ठसा होता की पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ते नोकरी सोडून शिवाजीनगरमधून विधानसभेवर निवडून आले आणि राज्याचे अर्थमंत्री झाले. आपत्तीनंतरचं काम नीट झालं की लोक ते लक्षात ठेवतात, इतका तरी बोध राजकारण्यांनी यातून घ्यायला हरकत नव्हती.

तातडीची सोय म्हणून अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभारल्या गेल्या. खरा निर्णय मात्र पुढचा होता. घरं जिथं पडली तिथंच बांधायची, की लोकांना नदीपासून दूर न्यायचं?

सरकारने बऱ्याच कुटुंबांसाठी दुसरा पर्याय निवडला. गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर या वस्त्या अशा उभ्या राहिल्या. तेव्हा हा सगळा भाग शहराच्या कडेला होता. १९६१ मध्ये शहराची लोकसंख्या जेमतेम सहा लाख होती, हे लक्षात घेतलं तर 'कडेला' म्हणजे काय ते कळतं. पेठेतल्या माणसाला तिथं जाणं म्हणजे गावाबाहेर जाणं वाटत असणार.

पुनर्वसनाची पद्धतही बघण्यासारखी होती. पूरग्रस्तांनी एकत्र येऊन सहकारी गृहरचना संस्था काढायच्या, सरकारने जमीन द्यायची आणि संस्थेने घरं बांधायची. सहकारनगर या नावातला 'सहकार' तिथलाच. पुण्यात पानशेत पूरग्रस्तांच्या अशा शंभराहून जास्त संस्था आहेत. पण जमिनीची मालकी सरकारकडे राहिली आणि ती संस्थांच्या नावावर करण्याचा प्रश्न जवळपास सहा दशकं रेंगाळला. छप्पर काही वर्षांत मिळालं, सातबाऱ्यावरचं नाव पुढच्या पिढीवर गेलं. पुनर्वसन कधी 'पूर्ण' झालं म्हणायचं, हा प्रश्न म्हणूनच फसवा असतो.

लोकांना हलवणं इतकं अवघड का असतं?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं उदाहरण बघा. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आलं आणि बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. जानेवारी २००६ मध्ये पुनर्बांधणीचा एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला. सखल भागांवर हिरवे ठिपके होते, म्हणजे तिथं पुढे मोकळी उद्यानं करता येतील असं सुचवलं होतं. ज्यांची घरं त्या ठिपक्यांखाली होती त्यांनी तो नकाशा सकाळी चहा पिताना पाहिला! आधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. प्रचंड संताप झाला आणि योजना गुंडाळावी लागली. तांत्रिकदृष्ट्या ठिपके चुकीच्या जागी होते असं नाही. पण पर्यायी जागा, पैसे आणि शेजार यांचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

पुण्याजवळचं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं हे गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. नवं माळीण बांधून एप्रिल २०१७ मध्ये ताब्यात दिलं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. नवी जागा पक्की आहे की नाही हे पावसाळा तपासतो.

पूर शहरात आला, पण सुरू कुठं झाला?

पानशेत पुणे शहराच्या हद्दीत नाही. पाऊस पडतो सह्याद्रीत, धरणं आहेत ग्रामीण भागात, बुडतं शहर. त्यामुळे फक्त महापालिकेच्या हद्दीपुरता आराखडा करून भागत नाही, संपूर्ण प्रदेशाचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्रात हा विचार कागदावर आला तो त्याच दशकात. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली १९६५ मध्ये एक समिती नेमली गेली. मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांचं नियोजन कसं करावं, हे तिने सांगायचं होतं. पाठोपाठ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ आला. राज्यातला प्रत्येक प्रादेशिक आराखडा आणि विकास आराखडा आजही याच कायद्याखाली होतो. हा कायदा केवळ पुरामुळे आला असं म्हणता येणार नाही, वाढते कारखाने आणि वाढती मुंबई ही मोठी कारणं होती. पण पुण्यासाठी स्वतंत्र महानगर प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, प्रत्यक्षात यायला २०१५ उजाडलं. मधली पन्नास वर्षं शहर कुणाची वाट बघत थांबलं नव्हतं.

दरम्यान पानशेत आणि खडकवासला पुन्हा बांधली गेली, वरसगाव आणि टेमघर आली. आज या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं सगळ्यात खालचं, शहराला लागून असलेलं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. वरची धरणं भरली आणि जोरात पाऊस आला, की पाणी नदीत सोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठी कुठं बांधायचं आणि कुठं नाही, हे ठरवण्यासाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणजे लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच हवं. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेकची आणि लाल एक लाख क्युसेकची धरली जाते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी.

आता २५ जुलै २०२४ बघा. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं, म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा बरंच कमी. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं पाणी त्यात मिसळलं होतं, हे खरं. पण पात्रात टाकलेला राडारोडा, भराव आणि काठावरची बांधकामं यांनी नदीची जागा खाल्ली आहे, हेही तितकंच खरं. विठ्ठलवाडी ते वारजे हा नदीपात्रातला रस्ता हटवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये द्यावा लागला होता. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरवर सुरू असलेल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाबाबत पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेपही पात्राच्या रुंदीचाच आहे. महापालिका तो मान्य करत नाही.

सगळ्यात बोचणारी गोष्ट घडली २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगरच्या आसपासच्या सोसायट्या पाण्यात गेल्या, पुण्यात वीसहून जास्त लोक मेले. १९६१ नंतर मुठेपासून लांब म्हणून निवडलेला हाच तो परिसर. या वेळी मुठेचा काही संबंधच नव्हता, आणि मुठेच्या पूररेषांमध्ये ओढा दिसतही नाही.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातल्या अनेक गावांत ओढे आहेत, ज्यांच्या काठावर आता मजले चढतायत. तिथं फ्लॅट घेणाऱ्याने विकास आराखड्याच्या नकाशावर नदीच्या दोन रेषा तर बघाव्यातच, पण गावच्या जुन्या नकाशात ओढा कुठून जायचा तेही बघावं. बिल्डरच्या माहितीपत्रकात तो सहसा 'लँडस्केप गार्डन' म्हणून छापलेला असतो.