पावसाबरोबर उतरणारे विष

स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्या असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; पण रोज मासळी चिरणाऱ्या बाईला पाण्याविषयी बोलायला हरकत नसावी.

माझ्या माहेरी भातशेती. कीड पडली की औषध मारायचे व पंप शेजारच्या तळ्यात धुवायचा, ही आमच्या घरचीच रीत. एके वर्षी फवारणी झाली आणि रात्री जोराचा पाऊस कोसळला. सकाळी तळ्यात मासे पोट वर करून तरंगत होते. आजी म्हणाली, "कुणाची दृष्ट लागली." आदल्या सांजेला पंप मीच धुतला होता. मी गप्प राहिले.

या औषधांचा इतिहास पुढे वाचनात आला. डीडीटीने कीटक मरतात हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधले. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ साली हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली व घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले. त्याने असंख्य जीव वाचले, हे विसरता कामा नये. शेतातही अशी औषधे आली.

परंतु अमेरिकेत क्लिअर लेक नावाच्या तलावात निराळेच घडले. चिलटे मारण्यासाठी १९४९, १९५४ व १९५७ साली तेथे डीडीटीचेच भावंड डीडीडी टाकले. प्रमाण किती? शेवटच्या दोन खेपांना पाच कोटी भाग पाण्यात एक भाग! तरी मासे खाणारे पक्षी मेले. कारण हे विष चरबीत साठते. सूक्ष्म जीवांतून लहान मासळीत, लहानीतून मोठीत, असे ते वाढत जाते. रेचल कार्सन या विदुषींनी १९६२ साली ही हकिकत जगापुढे मांडली.

तेथे औषध हाताने टाकले होते. आपल्याकडे ते मातीला चिकटून पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात, ओढ्यात उतरते. शेतीसाठी डीडीटी १९८९ साली व बीएचसी १९९७ साली आपल्या देशात बंद झाले. पण आजची काही औषधेही मासळीला फार घातक आहेत.

आपले मुरबे खाडीकाठचे. वरच्या शेतांचे पाणी शेवटी खाडीलाच मिळते, आणि खाडीची मासळी आपल्याच ताटात येते. म्हणून पाऊस भरून आला असता फवारणी करू देऊ नका, पंप तळ्याओढ्यात धुवू देऊ नका. त्या दिवशी मी आजीला खरे सांगितले नाही; आज तुम्हांला सांगितले.