रिकाम्या खोक्याचे काम

गावात बलुतेदारी होती तेव्हा सुतार नांगर करी तो शेतकऱ्याला विचारून. जमीन काळी की मुरमाड, बैल थोराड की लहानखुरे, हे कळल्यावाचून लाकडाला वाकस लागत नसे. नांगर जड गेला तर तोच शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा! संगणकाला काम सांगणारे सॉफ्टवेअर रचणारा मात्र ते वापरणाऱ्याचे तोंड बहुधा पाहत नाही. हे अंतर तोडण्याचा एक नेटाचा प्रयत्न युरोपच्या उत्तरेकडील देशांत झाला. त्याची हकीकत सांगतो.

नॉर्वेचे क्रिस्टन न्यूगोर्ड हे नामांकित संगणकशास्त्रज्ञ. ओले-योहान डाल यांच्या साथीने त्यांनी १९६० नंतरच्या दशकात सिम्युला ही संगणकाची भाषा घडविली. पुढे १९७० च्या सुमारास ते लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेत जाऊन बसले. कारखान्यात संगणक येणार, तर कामगारांनी त्याचा अभ्यास स्वतः का करू नये, हा त्यांचा प्रश्न. नुसता जाडजूड अहवाल त्यांना नको होता. कामगार त्यातून काय करू लागतात, तेच खरे फळ, असे ते म्हणत. १९७५ साली तेथील कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात करार झाला. नव्या पद्धतीची माहिती कामगारांना आधी आणि समजेल अशा भाषेत द्यावी, असे त्यात ठरले.

पुढची गोष्ट छापखान्याची. शिशाचे खिळे गेले, संगणक आला, आणि जन्मभर पाने लावणाऱ्या जुळाऱ्यांना आपली कला व भाकरी दोन्ही जातात की काय, ही धास्ती पडली. संगणकाला नुसता विरोध करून भागणार नव्हते. तेव्हा १९८१ साली त्यांच्या संघटनांनी स्टॉकहोम व आर्हूस येथील संशोधकांबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. पेले एन, मॉर्टन क्यूंग, सुसाने ब्योडकर ही मंडळी त्यात होती.

आरंभी संशोधकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे आकृत्या आणि वर्णने मांडली. जुळाऱ्यांना त्यातून काही उमगेना. आता बघा, दोष कोणाचा? आपण मास्तर लोक अशा वेळी चटकन विद्यार्थ्यालाच मठ्ठ ठरवतो! या लोकांनी तसे केले नाही. त्यांनी प्लायवूड, पुठ्ठा आणि कागद आणून खोटाच संगणक उभारला. पडद्याच्या जागी कागदी चित्रे. हाताने एक काढायचे, दुसरे लावायचे. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ असे लिहिले. मग जुळारी पुढे बसले आणि रोजच्यासारखे पान लावू लागले. येथे मथळा मोठा हवा, हे चित्र थोडे कापू द्या, पान संपूर्ण दिसल्याशिवाय तोल कळत नाही, अशा गोष्टी हात चालू लागल्यावर निघतात; कोरा तक्ता भरताना त्या आठवत नाहीत. शिवाय खोके पुठ्ठ्याचे, तेव्हा ‘हे चुकले’ म्हणायला कोणी कचरत नसे. खऱ्या, महागड्या यंत्रापुढे साधा माणूस गप्प बसतो.

सारेच साधले असे नाही. त्याच पानांवर मजकूर देणारे पत्रकार या बैठकीत नव्हते, आणि जुळारी व पत्रकार यांच्यात काम कोणाचे हा वाद होताच. प्रकल्प १९८५ पर्यंत चालला. तेथील खोक्यांची रीत मात्र सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी उचलली. पडदा तयार होण्याआधी त्याचे कागदी चित्र वापरणाऱ्यापुढे ठेवून, तो कोठे अडतो हे पाहत बसणारे गट आज पुष्कळ आहेत.