चिन्ह, चेहरा आणि चलच्चित्र

इ. स. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या रायगड मतदारसंघात एक गोष्ट घडली. ती येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. शिवसेनेचे अनंत गीते आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांची चुरशीची लढत झाली आणि गीते अवघ्या २,११० मतांनी निवडून आले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते. त्यांना ९,८४९ मते पडली. यांतली किती मते समजून दिली गेली आणि किती नजरचुकीने पडली, हे मतदानयंत्र सांगत नाही. पण दोन आकडे शेजारी मांडले की शाळेतले पोरही वजाबाकी करून दाखवील. त्याच वर्षी छत्तीसगडात महासमुंद येथे तर एका उमेदवाराच्या नामसदृश माणसांची संख्या दहाच्या घरात गेली होती. अशा प्रकारांनी नावावरचा भरवसा उडाला, आणि १ मे २०१५ पासूनच्या निवडणुकांत उमेदवाराचे छायाचित्र मतपत्रिकेवर छापावे, असे निवडणूक आयोगाने ठरविले.

म्हणजे १९५२ साली चिन्हापासून निघालेली आपली लोकशाही त्रेसष्ट वर्षांनी चेहऱ्यापाशी येऊन पोहोचली. हा प्रवास कसा झाला, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. मी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. कामगारांच्या गेट मीटिंगा घेता घेता जे वाचले आणि जे पाहिले, त्याच्या आधारावरच बोलणार आहे. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१ च्या जनगणनेप्रमाणे, देशात शेकडा १८ माणसे साक्षर होती. नाव वाचणारा मतदार विरळा. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवण्यात आली आणि तिच्यावर चिन्ह डकविण्यात आले. पडद्याआड जायचे आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, इतकेच काम. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. ही चित्रे भिंतीवर चुन्याने आणि गेरूने रंगविता येत. त्यासाठी चित्रकार लागत नसे, गावातला हौशी पोरगा पुरे होई. आमच्या जिल्ह्यात पुढे शेतकरी कामगार पक्षाचा खटारा असाच घरोघर पोहोचला. चिन्हाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते माणसाचे नसते, पक्षाचे असते. उमेदवार गोरा की काळा, बोलका की अबोल, हे बैलजोडी सांगत नाही.

या गुणामुळेच त्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्याने चिंतामणराव देशमुखांसारखा उमेदवार निवडून दिला. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आय.सी.एस. झालेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मग देशाचे अर्थमंत्री. सभा गाजविणारा फडावरचा वक्ता म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती. पण मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्या एका कृतीने त्यांची जी प्रतिमा मराठी मनात उमटली ती कोणत्याही भित्तिपत्रकाने उमटली नसती. प्रतिमा ही कृतीनंतर येते, असा तो काळ होता. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, कुलाब्याची जागा काँग्रेसच्या हातून गेली आणि शेतकरी कामगार पक्षाकडे आली.

ते परिवर्तन कोणी घडविले? एकट्या पुढाऱ्यांनी खासच नव्हे. त्या चळवळीचे चलच्चित्र म्हणजे शाहीर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले होते. तिघेही कष्टकऱ्यांच्या चळवळीतून आलेले. त्यांच्या तमाशांची धास्ती इतकी, की सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. तेव्हा त्याच खेळाने लोकनाट्य असे नाव घेतले आणि फड पुन्हा उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच डफ-तुणतुण्याची सेना गावोगाव हिंडली. साधनांचा हिशेब करा: एक डफ, एक तुणतुणे, एक ढोलकी, आणि फार तर भाड्याचा कर्णा. गिरणगावातला चाकरमानी शिमग्याला माणगाव-महाडकडे येई तेव्हा ते गाणे त्याच्या तोंडी येई. त्याला मोबाईलवर ‘पुढे पाठवा’ म्हणावे लागत नसे. गाणे आवडले तर ते आपल्या पायाने चालत असे, न आवडले तर कशेडी घाट चढत नसे.

प्रतिमेचे राजकारण तेव्हा नव्हते असे मात्र कोणी समजू नये. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले. निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र हातचा गेलेला, आणि अशा वेळी हा समारंभ! संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे घेऊन हजारो माणसे वाटेवर उभी केली. एकाच राजाच्या प्रतिमेवर दोन्ही बाजू हक्क सांगत होत्या. फरक इतकाच, की ती प्रतिमा कोणा जिवंत उमेदवाराची नव्हती.

उमेदवाराचा प्रश्न पुढे आला तो १९६७ साली, दक्षिण मुंबईत. स. का. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा; त्यांना हरविणे अशक्य, अशी समजूत रुजलेली. समोर जॉर्ज फर्नांडिस, टॅक्सीवाल्यांचे आणि महापालिका कामगारांचे पुढारी. जॉर्जच्या लोकांनी जी भित्तिपत्रके लावली त्यांत स्वतःच्या उमेदवाराची थोरवी गायिली नव्हती. पाटलांना तुम्ही पाडू शकता, एवढेच मतदाराला सांगितले होते. मला हे प्रचाराच्या इतिहासातले फार शहाणे पाऊल वाटते. चित्र उमेदवाराचे नव्हे, मतदाराचे रंगविले. पाटील पडले. आमच्या धंद्यातली माणसे या विजयाचा अजून अभिमान बाळगतात, आणि तो बाळगण्याजोगाच आहे. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसचा छायाचित्रमय प्रचार घरोघर पोहोचला असतानाही डॉ. दत्ता सामंत मुंबईतून लोकसभेवर गेले, तेही १९८२ च्या गिरणी संपाची राखरांगोळी झाल्यावर. कामगारांना त्यांचा चेहरा ठाऊक होता, कारण तो त्यांनी गेटवर पाहिलेला होता.

ऐंशीच्या दशकाअखेर चित्रफीत आली. व्हिडिओ रथ हिंडू लागले. गावच्या चौकात गाडी उभी राही, पडदा लागे आणि जो पुढारी तालुक्याला कधी येणार नाही तो चौकात बोलू लागे. १९९० च्या विधानसभा निवडणुकीनंतर दादरच्या निवडीवर जो खटला झाला, त्यात मनोहर जोशींविरुद्ध प्रचारातल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती यांचाही मुद्दा होता. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. त्या निकालाची चर्चा धर्म आणि प्रचार यांच्या संबंधावर होते ते योग्यच आहे. पण चित्रफितीत जे दाखविले गेले त्याचा जबाबदार कोण, हा प्रश्न न्यायालयाच्या दारी आला, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि पडदा चौकातून खिशात गेला. या नव्या पर्वातला महाराष्ट्राचा ठळक प्रयोग म्हणजे राज ठाकरे यांच्या २०१९ च्या सभा. त्यांच्या पक्षाने त्या लोकसभेला एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी त्यांनी नांदेडपासून नाशिकपर्यंत सभा घेतल्या. त्यातली एक आपल्या शेजारी महाडला, १९ एप्रिलला, म्हणजे आपल्याकडच्या मतदानाच्या चारच दिवस आधी. व्यासपीठावर मोठा पडदा. सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे आणि नवी भाषणे समोरासमोर. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे शब्द पोरासोरांच्या तोंडी झाले. मेळघाटातल्या हरिसाल गावाला डिजिटल गाव म्हणून जाहिरातीत दाखविले होते. सोलापूरच्या सभेत त्या जाहिरातीतला तरुणच व्यासपीठावर उभा केला गेला. चित्रातला माणूस चित्राबाहेर येऊन उभा राहिला, की चित्राची काय अवस्था होते ते सर्वांनी पाहिले.

निकाल काय लागला? महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. नांदेड, सोलापूर, पुणे, मुंबई, मावळ, नाशिक, जेथे जेथे पडदा लागला तेथे बहुतेक ठिकाणी विरोधक हरले. सातारा आणि रायगड हे अपवाद. रायगडात तटकरे सुमारे ३१ हजार मतांनी निवडून आले. ते महाडच्या सभेमुळे आले, असे म्हणणारे भेटतात. पण तसे असते तर सोलापूरला काय झाले, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. माझे मत स्पष्ट आहे. सभेला टाळ्या वाजविणाऱ्या माणसाला घरून मतदान केंद्रापर्यंत आणणारा कार्यकर्ता लागतो, आणि ज्या पक्षाला उमेदवारच नाही त्याच्या कार्यकर्त्याने कोणाच्या नावाने दार ठोठवावे? चित्रफीत मन वळवील, नाही असे नाही. ती दारावर जात नाही.

याला तोडीस तोड उदाहरण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साताऱ्याला घडले. १८ ऑक्टोबरच्या सभेत धो धो पाऊस कोसळला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरद पवार भिजत बोलत राहिले. ती काही क्षणांची चित्रफीत रात्रीतून महाराष्ट्रभर गेली. साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना सुमारे ८७ हजार मतांनी हरविले. कित्येकांचा समज असा, की हा पावसाचा विजय. वस्तुतः पाऊस एका रात्रीचा होता. त्यामागे त्या जिल्ह्यात पन्नास वर्षे बांधलेले सहकारी संस्थांचे, कारखान्यांचे आणि माणसांचे जाळे होते. पावसाने त्या जाळ्याला हालविले. जाळेच नसते, तर एक वृद्ध गृहस्थ भिजले याबद्दल लोक हळहळले असते, आणि आपापल्या कामाला लागले असते.

येथे कामगार संघटनेच्या माणसाला एक गोष्ट खुपते. सभेत श्रोता उठून विचारू शकतो. गेट मीटिंगला तर विचारतोच, आणि उत्तर पटले नाही तर शिट्टीही घालतो. मोबाईलवरचा पुढारी अडविता येत नाही. आमच्याच भागात एका कारखान्याच्या वेतनकराराच्या वेळी माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणातली वीस सेकंदे कोणीतरी कापून कामगारांच्या ग्रुपवर फिरविली. ‘मागणी मागे घेऊ’ हे शब्द होते. त्याआधीचा ‘व्यवस्थापनाला वाटते की आपण’ हा भाग गायब! तीन पाळ्यांच्या तीन वेळा गेटवर उभे राहून मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी तो खोडून काढला. आम्हाला ते शक्य झाले, कारण आमचे ऐकणारे आठशे होते आणि रोज त्याच फाटकातून आत जात होते. लोकसभा मतदारसंघाला फाटक नसते. आणि खोट्या चित्रफितीने काय होऊ शकते ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसले. मुले पळविणाऱ्यांच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. त्या दिवशी भिक्षेकरी भटक्या जमातीतली पाच माणसे जमावाने ठार केली. तेथे निवडणूक नव्हती. साधन मात्र तेच होते.

आता खर्चाकडे पाहू. २०२२ पासून लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. २०१३ पासून उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरील खाती कळवावी लागतात आणि तेथल्या जाहिरातींचा खर्च दाखवावा लागतो. पण कोण्या हितचिंतकाने, कोण्या कंपनीने, कोण्या दूरच्या शहरातल्या कचेरीने तयार केलेली फीत कोणाच्या खाती मांडायची? राज ठाकरे यांच्या सभांचा खर्च कोणाच्या नावे धरायचा, हा वाद त्या वेळी झालाच होता. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद, असा कायद्याचा दंडक. मारुतीच्या देवळासमोरचा कर्णा पोलीस पाटील बंद करू शकतो. खिशातला कर्णा कोण बंद करणार?

मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. त्यानंतर जितक्या निवडणुका झाल्या तितक्या वेळा या रस्त्याच्या सुंदर चित्रफिती आपल्याला पहावयास मिळाल्या. काही तर आकाशातून घेतलेल्या. इंदापूर-माणगावच्या कोंडीत गणपतीला अडकलेल्या एस.टी.त बसून त्या पाहणाऱ्या चाकरमान्याचे काय मत झाले, हे कोणी चित्रित केलेले नाही.

२०२४ च्या निवडणुकीत रायगडात पुन्हा तटकरे आणि गीते समोरासमोर उभे राहिले. या खेपेला गीते यांच्या नावाचे अपक्ष मतपत्रिकेवर होते. पण आता प्रत्येकाच्या नावापुढे छायाचित्र होते, आणि तटकरे सुमारे ८२ हजार मतांनी निवडून आल्यामुळे नामसाम्याचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने नवा नियम केला, आणि बिहारच्या निवडणुकीपासून तो अमलात आला: छायाचित्र रंगीत असावे, आणि त्यातली तीन चतुर्थांश जागा चेहऱ्याने व्यापावी. चिन्ह त्याच्या शेजारीच आहे, पूर्वीसारखे काळ्या रेषांचे.