हळदीची गाडी

१९९७ च्या मे महिन्यात आम्ही पुण्यात एक जुनी व्हॅन विकत घेतली. घरात आजीला धरून सात माणसं, वाहनं म्हणजे दोन स्कूटर, आणि वाईला कार्य निघालं की एस.टी.च्या स्टँडवर सामानासकट तासभर उभं राहणं. आम्ही दोघंही शिक्षक. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली, रविवारी सकाळी पेठेतल्या एका गृहस्थांकडे जाऊन गाडी पाहिली, चालवली आणि घेतली. दहा वर्षं वापरलेली होती, पण रंग चांगला होता. बनावट कोणती ते सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात दोष बनावटीचा नव्हता.

तिसऱ्याच आठवड्यात खंबाटकी घाटात ती उकळली. तापमानाचा काटा लाल पट्टीवर चढला, नंतर वाफ आली, आणि आम्ही गाडी कडेला घेऊन उभे राहिलो. पाणी ओतून कसेबसे परत आलो. मेकॅनिकने रेडिएटर उतरवून खालची नळी सोडली, तेव्हा पिवळसर गाळ बाहेर आला. त्याने बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "सर, हळद आहे."

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती आपल्याकडे ड्रायव्हर मंडळींना चांगली ठाऊक आहे. तिचे बारीक कण पाण्याबरोबर फिरतात, भोकाशी जाऊन अडकतात, फुगतात आणि गळती तात्पुरती थांबते. रस्त्यात अडकलेल्या माणसाला ती घरी पोचवते. पण कण भोक आणि अरुंद नळी यांत फरक करत नाहीत. रेडिएटरच्या बारीक नळ्याही हळूहळू बुजतात आणि पाणी फिरेनासं होतं. थर्मोस्टॅटही जागेवर नव्हता. तो आधीच कुणीतरी काढून टाकला होता. आमच्याकडचा हा सर्रास उपाय. त्याने इंजिन थंडीत नको तितकं गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि खरा आजार मात्र झाकला जातो. थोडक्यात, गाडी गरम होते हे आधीच्या मालकांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

दुरुस्तीला गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतके पैसे गेले. वर्गात शिकवलेलं भौतिकशास्त्र आम्हाला इतकं महाग पूर्वी कधी पडलं नव्हतं.

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोचतो. उरलेली निम्मी धुरावाटे जाते आणि जवळपास तेवढीच थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. म्हणून गाडीचा इतिहास हा बराचसा पाण्याचा इतिहास आहे. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी सरळ उकळू दिलं जाई. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. म्हणजे वाफ होऊ देणं हा थंड करण्याचा फार प्रभावी मार्ग. अडचण एकच, की पाणी सारखं संपतं.

ते किती संपतं याचा अनुभव पहिल्यांदा एका गृहिणीने घेतला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेन्झ या नवऱ्याला न सांगता ऑयगेन आणि रिचर्ड या आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास, सुमारे १०६ किलोमीटरचा, आणि तो कौटुंबिक सहलीचाच होता. वाटेत जागोजागी पाणी भरावं लागलं. इंधन म्हणून लिग्रोइन घेतलं ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परतल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. वर्गात शोधांची गोष्ट सांगताना आपण कार्ल बेन्झ यांचं नाव सांगून थांबतो. यंत्र कुठे कुठे बिघडतं याची पहिली पक्की यादी ज्यांनी केली त्यांचंही नाव सांगायला हवं.

पाणी न गमावता थंड कसं करायचं, याचं चांगलं उत्तर विल्हेल्म मायबाख यांच्या १९००-०१ च्या मर्सिडीजमध्ये मिळालं. मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर, त्यात ८,०७० छोट्या चौकोनी नळ्या आणि मागे पंखा. हवा नळ्यांतून, पाणी नळ्यांच्या मधल्या फटींतून. पृष्ठभाग प्रचंड वाढवायचा, एवढंच त्यातलं तत्त्व. पुढे बंद झाकण आलं. झाकणावरचा ०.९ हा आकडा विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. याचा अर्थ आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास एका वातावरणाने जास्त राहतो आणि पाणी १०० ऐवजी ११८-१२० अंशांना उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने उघड्या पातेल्यात ते इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडलं की हात का भाजतो, ते यावरून कळेल. दाब एकदम उतरतो आणि ११० अंशांचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन उसळतं. (आम्ही घाटात नेमकं हेच करणार होतो. एका ट्रकवाल्याने ओरडून थांबवलं.)

घाटातच गाडी का तापते? इंजिनावर भार सगळ्यात जास्त, आणि वेग कमी असल्याने समोरून येणारी हवा सगळ्यात कमी. कात्रज, खंबाटकी, बोरघाट यांतल्या प्रत्येक चढावर हे दोन्ही एकदम होतं. पुण्याहून कुठेही निघालं तरी बहुधा एक घाट आड येतो, म्हणून या शहराला रेडिएटरची जाण जरा जास्त आहे.

आता महागडा भाग. अनेक छोट्या इंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा असतो आणि वरचं झाकण, म्हणजे सिलिंडर हेड, अॅल्युमिनियमचं. अंशागणिक लांबीत होणारी वाढ अॅल्युमिनियममध्ये दशलक्षांश २३ भाग, बिडात सुमारे ११. हेड ३०० मिलिमीटर लांब धरा आणि ते नेहमीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापलं असं माना. अॅल्युमिनियम ०.६९ मिलिमीटर वाढू पाहतं, बीड ०.३३. दोन्ही बोल्टने घट्ट आवळलेले. हेडला लांब व्हायला जागा नाही, म्हणून ते वाकतं, आणि थंड झाल्यावर पूर्ण सरळ होत नाही. प्रयोगशाळेतली द्विधातूची पट्टी तापवली की वाकते, तीच ही गोष्ट. इथे हेडचा पृष्ठभाग साधारण पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडा चालत नाही. त्यापुढे मधलं गॅस्केट सील करत नाही, जळते वायू पाण्यात आणि पाणी तेलात शिरतं, तेल दुधाळ दिसू लागतं. आमचं तेल दुधाळ होतं.

हेड घासून सपाट करायला मेकॅनिकने ते लेथवाल्याकडे नेलं, आणि रेडिएटरसाठी आम्हाला नाना पेठेत पाठवलं. सुट्या भागांच्या दुकानांची ती रांग आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे आम्हाला एक वेगळंच पुणं दिसलं. ते घडलं कसं, हे पाहण्यासारखं आहे.

आपण मालवाहू गाडीला सर्रास 'टेंपो' म्हणतो. तो शब्द मुळात हांबुर्गच्या विडाल आणि पुत्र या कारखान्याच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली न. के. फिरोदिया यांनी स्थापन केलेल्या बजाज टेंपो कंपनीने त्यांच्या सहकार्याने तीनचाकी इथे बनवायला घेतली, आणि कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर आली. तिचंही तेच झालं. सात-आठ माणसं बसवणारी कुठलीही चौकोनी गाडी लोकांच्या तोंडी 'मॅटाडोर' झाली. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, सगळं तिच्यात मावे. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, शब्द मात्र राहिले. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, ७९६ घनसेंटिमीटरचं इंजिन पुढच्या आसनाखाली असलेली. १९८८ पासून तिचं नाव ओम्नी, आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मध्यमवर्गीय कुटुंबाला आजीसकट एका गाडीत बसता आलं ते प्रामुख्याने हिच्यामुळे.

या सगळ्या काळात, निदान १९८० च्या दशकापर्यंत, नवं वाहन मिळणं कठीण होतं. परवाने मोजके, उत्पादन मोजकं. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि नुकतीच मिळालेली स्कूटर बाजारात नव्याच्या किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाई. अशा ठिकाणी वाहन टाकून देणं परवडत नाही. सिलिंडर झिजला तर रिबोअर करायचा, फारच झिजला तर आत स्लीव्ह बसवायची, क्रँकशाफ्ट घासून घ्यायचा. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप होतीच. त्यांच्यातलं कसब दुरुस्तीलाही उपयोगी पडलं. टंचाईतून एवढं कौशल्य जन्मलं म्हणून टंचाई चांगली होती, असं मात्र आम्हाला वाटत नाही.

त्याच वर्षांत अमेरिकेत नेमकं उलटं होतं. नवी गाडी दुकानाबाहेर काढली की तिची किंमत धाडकन उतरे. का, हा प्रश्न जॉर्ज अॅकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाने घेतला. तिथे सतत बिघडणाऱ्या फसव्या गाडीला बोलीत 'लिंबू' म्हणतात, आणि त्यांच्या निबंधाचं नावच लिंबांचा बाजार असं होतं. त्यांचा युक्तिवाद फळ्यावर मांडता येतो. समजा, दहा जुन्या व्हॅन विक्रीला आहेत. त्यांची खरी किंमत १० हजार, २० हजार अशी चढत १ लाखापर्यंत. कुठली कितीची हे मालकाला ठाऊक, गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाईक सरासरी म्हणजे ५५ हजार देऊ करतं. लगेच ६० हजारांच्या पुढच्या पाचही गाड्यांचे मालक माघार घेतात. उरलेल्यांची सरासरी ३० हजार. मग ४० आणि ५० वाले जातात, सरासरी २० होते. असं करत शेवटी १० हजारांचं लिंबूच उरतं. मुलांना मालक आणि गिऱ्हाइकं करून हा खेळ खेळवून पाहा, एका तासात बाजार बसतो.

हा निबंध घेऊन ते १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एक वर्ष राहिले, आणि पहिलं नकाराचं पत्र त्यांना भारतातच मिळालं. विषय फारच क्षुल्लक आहे, असं त्या नियतकालिकाचं मत होतं. एकूण तीन ठिकाणांहून साभार परत आल्यावर १९७० मध्ये तो छापला गेला, आणि २००१ साली त्याच कामासाठी मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निबंधात आपल्याकडचे सावकार आहेत, मॅनेजिंग एजन्सी आहेत, आणि बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणाऱ्या गृहिणीही आहेत. आमची आजी सुपात तेच करत असे. व्हॅन पाखडून पाहायचं सूप आमच्यापाशी नव्हतं.

कायद्याचं काय? १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात माल पारखून घेण्याची जबाबदारी बव्हंशी गिऱ्हाइकावर आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. पण हे कायदे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालासाठी आहेत. आम्हाला गाडी देणारे व्यापारी नव्हते, आमच्यासारखेच नोकरदार होते. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाही." ते खरं होतं. 'रेडिएटरमध्ये हळद आहे का?' असं कोण विचारतं?

२००३ मध्ये आम्ही ती गाडी विकायला काढली. डबे पोचवणारे एक गृहस्थ आले. आम्ही त्यांना सगळं सांगितलं: गाडी उकळली होती, हेड घासलंय, रेडिएटर बदललाय. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "सर, एवढं सांगताय म्हणजे अजून काहीतरी असणार," आणि निघून गेले. अॅकरलॉफ आम्ही तोवर वाचलेला होता, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही काहीच सांगितलं नाही. सकाळी गाडी गार असताना त्यांना थेट आमच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने झाकण उघडून हिरवं कूलंट दाखवलं, तेलाची पट्टी काढून फडक्याला पुसली, आणि लेथवाल्याचं सहा वर्षांपूर्वीचं बिल ड्रॉवरमधून काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग तिथेच बॉनेटवर आर.सी. बुक ठेवून आम्ही २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. जाताना त्यांनी ते बिल मागून घेतलं.