चांद्याचा बर्फ

नातीने कॅनडातून फोटो पाठवले. बॅन्फजवळच्या जॉन्स्टन कॅन्यनमधला गोठलेला धबधबा, आणि बुटांना खिळे लावून चालत गेलेली ही. खाली एक ओळ : "आबा, तुमच्या चंद्रपुरात असलं काही नाही!" उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर नेणाऱ्या आमच्या गावाने यावर काय बोलावं? पण बर्फ आमच्याकडेही होता. फक्त त्याला सुमारे ३० कोटी वर्षं झाली.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या खोऱ्यात इरई नावाचं गाव आहे. (शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी.) तिथे जुन्या चुनखडकावर गोट्यांचा एक थर बसलेला आहे. त्याखालचा खडक घासून गुळगुळीत झालेला, वर ओरखडे. फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ मध्ये त्यावर लेख लिहिला, उष्ण कटिबंधातल्या बर्फाचा पुरावा म्हणून. हिमनदीच्या तळाशी गोठून अडकलेले दगड फरफटत जातात तेव्हा खालच्या खडकावर असे चरे पडतात.

वरचा थरही तीच साक्ष देतो. पाणी सुपासारखं पाखडतं. जड आधी टाकतं, बारीक पुढे नेतं. बर्फ मात्र बाजाराच्या पिशवीसारखा. खडा, गोटा, धोंडा, माती, सगळं एकत्र आणून टाकतो. ओडिशातल्या तालचेरला असाच थर पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच बर्फाचं नाव घेतलं होतं. भारतात, आणि हिमनदी! पटायला जडच होतं.

पुढे असेच थर दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडले. हे सगळे भूभाग तेव्हा एकमेकांना चिकटून, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होते. त्या भूखंडाला नाव मिळालं ते गोंडांच्या मुलखाचं, गोंडवन. मेडलिकॉटने १८७२ मध्ये ते खडकांना दिलं, १८८५ मध्ये झ्यूसने अख्ख्या भूखंडाला. गोंड राजांची राजधानी राहिलेल्या आमच्या चांद्यात किती जणांना हे ठाऊक असेल!

बर्फ वितळल्यावर जंगलं वाढली, त्यांचा वर्धा खोऱ्यातला कोळसा झाला. तो आपण जाळतोच आहोत. सिरोंचाजवळच्या वडधमला जीवाश्मांसाठी निदान उद्यान तरी झालं. इकडे कोरपना-राजुरा पट्ट्यात चुनखडक सिमेंटसाठी खणला जातो. चरे पडलेल्या त्या खडकाभोवती एखादं कुंपण आणि मराठीत एक फलक, एवढं तरी ग्रामपंचायतीने करून घ्यावं. सुरुंग लावणाऱ्याला तो इतर दगडांसारखाच दिसणार.